निर्जळी एकादशी आणि मशेरी

तासगाव
रविवार, रात्री उशिरा

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, दिवसाला चार-पाचच सिगारेटी होतात. मनात आणलं तर उद्या सोडेन." मी त्यावर गप्प बसले आणि तुला वाटलं, मी रागावले. रागावले नव्हते. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि मला जे सांगायचं होतं ते त्यांच्यासमोर, तेही दोन वाक्यांत, सांगण्यासारखं नव्हतं. तू आपणहून सांगितलंस, लपवलं नाहीस, याचं मला किती बरं वाटलं ते आधी लिहून टाकते. आता बाकीचं. पत्र लांबणार आहे. एका बैठकीत झालं नाही तरी चालेल, पण पुरतं वाच.

फुप्फुसं, कॅन्सर यातलं मी काही लिहीत नाही. ते पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासकट छापलेलं असतं. तू पाकीट न घेता सुटी सिगारेट घेतोस म्हणालास, म्हणजे ते चित्र तुझ्या डोळ्यांसमोर येत नसेल, पण माहीत तुला आहेच. मला लिहायचंय ते तुझ्या "मनात आणलं तर" या शब्दांविषयी. मन कुठे असतं आणि तंबाखू कुठे जाऊन बसते, हे मी एका माणसात अगदी जवळून पाहिलंय.

तुझ्या आज्जीत.

तुला ती आठवते ती खाटेवर बसून शेंगा फोडणारी. मला आठवते ती चुलीपुढची. दर आठ-दहा दिवसांनी ती मशेरी भाजायची. तवा तापला की त्यावर तंबाखूचा चुरा टाकायची. आधी नुसता वास यायचा, मग धूर, आणि तो धूर असा की आम्ही भावंडं खोकत अंगणात पळायचो. ती पदर नाकाला लावून उलथन्याने हलवत राहायची. चुरा काळाकुट्ट झाला की तवा उतरवायचा, गार झाल्यावर हाताने चोळून बारीक करायचं, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं आणि पत्र्याच्या डबीत भरायचं. सकाळी उठल्या उठल्या डाव्या तळव्यावर चिमूटभर मशेरी, उजव्या हाताची तर्जनी, आधी वरच्या हिरड्या, मग खालच्या. उंबऱ्यावर उकिडवी बसून, नजर कुठेतरी लांब. त्या अर्ध्या तासात तिला कोणी हाक मारलेली चालायची नाही. मशेरी लावल्याशिवाय तिला परसाकडला व्हायचं नाही, डोकं उतरायचं नाही, चहा गोड लागायचा नाही.

आणि हीच बाई आषाढी एकादशी निर्जळी करायची. पाण्याचा थेंब नाही. त्या दिवशी भांगलण असली तर शेतातही जायची. दुपारी ओठ सुकून पांढरे पडायचे. विहिरीचं पाणी शेंदून बाकीच्या बायकांना द्यायची आणि स्वतः ओला हातसुद्धा तोंडावरून फिरवायची नाही. एकदा मी हट्टाने तांब्या तिच्या ओठांशी नेला, तर तिने तो हसत बाजूला सारला. पण त्या दिवशीही पहाटे मशेरी लागायचीच. मशेरीने उपास मोडत नाही, असं आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी मिळून धरलेलं होतं.

ओंकार, आज्जीचा निश्चय तुझ्या-माझ्या दसपट होता. तहान ती दिवसभर अडवून धरायची. तलफ तिला एक सकाळ अडवता आली नाही.

तू चौथीत होतास तेव्हा ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं, ते नीट झालं. पहिली रात्र गुंगीत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ती बदलली. चादर ओढायची, सलाईनची नळी उपटायला बघायची. जिच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नव्हती ती सिस्टरला नाही नाही ते बोलली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, भूल दिलेली आहे, होतं असं. तेही खोटं नव्हतं. तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास मी खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताची तर्जनी ती हिरडीवरून फिरवत होती. रिकामं बोट. आधी वरच्या, मग खालच्या.

मी डी. फार्म. झालेली, औषधांच्या दुकानात काउंटरमागे बारा वर्षं उभी राहिलेली. तंबाखूची तलफ शमवायला देतात त्या निकोटीनच्या च्युइंगमच्या पट्ट्या माझ्याच दुकानाच्या कपाटात होत्या. आणि माझ्या आईला काय होतंय, हे मला तिसऱ्या रात्री कळलं. सकाळी मामाने गावाहून डबी आणली. मी माझ्या हाताने तिच्या बोटावर चिमूट ठेवली. थोड्या वेळाने तिने डोळे नीट उघडले आणि विचारलं, "म्हशीची धार कोण काढतंय?" मला हायसं वाटलं आणि तिथेच रडूही आलं. जे तीन दिवस तिला छळत होतं, तेच मी पुन्हा तिच्या तोंडात घातलं होतं आणि तिला बरं वाटलं होतं.

त्यानंतर मी वाचायला लागले. कॉलेजात पाठ करून विसरलेलं पुन्हा वाचलं, नवीनही वाचलं. त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं लिहिते.

निकोटीन तंबाखूच्या झाडाच्या मुळांत तयार होतं आणि तिथून पानांत चढतं. पानं खाणाऱ्या किड्यांसाठी ते विष आहे, झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेलं. आबा वांग्यावर मावा पडला की तंबाखू उकळून त्याचा काढा फवारायचे. नंतर पानं उलटून बघितली की मावा मरून पडलेला असायचा. किड्याच्या मज्जातंतूंवर ते ज्या जागी बसतं, तशीच जागा आपल्या मेंदूत आहे. आता टपरीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटून पुडीत विकतात, त्यालाही मावाच म्हणतात. ती पुडी दिसली की मला ती वांग्याची पानं आठवतात.

त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. दारावरची बेल समज. आपल्या शरीराचा स्वतःचा एक निरोप्या आहे, ॲसिटाइलकोलीन. तो येतो, बेल दाबतो, आणि पापणी लवायच्या आत एक एन्झाइम त्याला मोडून टाकतं. बेल एकदा वाजली, निरोप पोचला, संपलं. निकोटीनचा आकार असा की त्याचंही बोट त्याच बेलवर बसतं. पण ते एन्झाइम निकोटीनला मोडू शकत नाही. ते बेल दाबून तसंच उभं राहतं. रक्तातलं निकोटीन निम्म्यावर यायलाच सुमारे दोन तास लागतात. इतका वेळ बेल वाजत राहिली तर घरातलं माणूस काय करेल? तार काढून ठेवेल. मेंदूत तेच होतं, रिसेप्टर बधिर होतात. मग निरोप ऐकू येईनात म्हणून मेंदू आणखी बेला बसवून घेतो. तंबाखू घेणाऱ्यांच्या मेंदूत हे रिसेप्टर इतरांपेक्षा जास्त असतात. स्कॅनमध्ये ते दिसतं.

मग रात्र होते. सात-आठ तास तंबाखू नाही. निकोटीन उतरतं, बधिर झालेल्या बेला शुद्धीवर येतात, आणि आता त्या पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. सगळ्या वाट बघत असलेल्या. डोकं जड, जीव कासावीस, कशात लक्ष नाही. आज्जीची पहाट ती हीच. दिवसातली पहिलीच सगळ्यांत "लागते", असं ओढणारे सांगतात तेही यामुळेच.

हे बेलचं झालं. बेल कुठल्या खोलीत वाजते, ती गोष्ट याहून मोठी आहे.

मेंदूच्या मध्यात, खालच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका आहे, व्हेंट्रल टेगमेंटल एरिया. तिथून तंतू निघून पुढे न्यूक्लियस अकम्बन्स नावाच्या भागात जातात आणि तिथे डोपामिन नावाचं रसायन सोडतात. या वाटेचा माग लागायला सुरुवात झाली १९५४ मध्ये, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात. जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली होती. उंदराने पिंजऱ्यातली दांडी दाबली की मेंदूच्या आतल्या भागाला विजेचा हलका स्पर्श व्हायचा. उंदीर दांडी दाबतच राहिले, तासाला शेकडो वेळा, काही त्याहून कितीतरी जास्त. पुढे इतरांच्या प्रयोगांत असेही उंदीर दिसले जे समोर अन्न असून उपाशी राहिले, पण दांडी सोडली नाही.

ही वाट तंबाखूसाठी झालेली नाही. तहानेल्याला पाणी, भुकेल्याला भाकरी मिळाली की इथे डोपामिन सुटतं आणि मेंदू नोंद करतो, हे पुन्हा कर. पेपरांत डोपामिनला आनंदाचं रसायन म्हणतात, ते मला पटत नाही. त्याचं काम ओढ लावण्याचं आहे. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी याचे फार चांगले प्रयोग केलेत. ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलंय असे उंदीर साखर जिभेवर ठेवली की आवडल्याचं तोंड करतात, पण समोर ठेवलेल्या अन्नाकडे आपणहून जात नाहीत. आवड शाबूत, ओढ गेलेली. व्यसनात याच्या उलट होतं, आवड आटत जाते आणि ओढ वाढत जाते. तूच आठवून बघ. दिवसातल्या पाचांपैकी खरोखर किती आवडतात?

निकोटीन त्या पुंजक्यातल्या बेला दाबतं, डोपामिन सुटतं, आणि मेंदूला वाटतं, जगायला लागणारं काहीतरी मिळालं. हे अंदाजाने म्हटलेलं नाही. शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात या बेलचा एक भाग जन्मापासूनच नाही. साधे उंदीर निकोटीन मिळवण्यासाठी खटपट करतात, हे उंदीर करेनात. नंतर तेवढा एक भाग फक्त त्या पुंजक्यात परत घातला, तेव्हा निकोटीनची ओढही परत आली.

मराठीत आपण तहान भागवतो, भूक भागवतो आणि तलफही भागवतो. दारू चढते, नशा येते, पण भागवायची असते ती तलफ. तहानेचं क्रियापद तिला लावणाऱ्यांनी मेंदू उघडून पाहिलेला नव्हता, पण तंबाखू आत जाऊन पाण्याच्या आणि भाकरीच्या पंगतीला बसते हे त्यांना कळलेलं होतं. २००७ मध्ये अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूला इजा झालेल्या सिगारेट ओढणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ज्यांच्या इन्सुला नावाच्या भागाला धक्का बसला होता, त्यांतल्या बऱ्याच जणांची सिगारेट सहज सुटली होती, पुन्हा आठवणही येत नव्हती. इन्सुला म्हणजे शरीराच्या आतलं जिथे जाणवतं ती जागा, पोटातली भूक, घशाची कोरड. आज्जी एकादशीला तहान अडवायची ते माहीत असायचं म्हणून, की द्वादशीला पाणी मिळणार आहे. मशेरी कायमची सोडायची म्हणजे तिच्या मेंदूच्या लेखी जन्मभराची निर्जळी होती.

आता तुझ्या सिगारेटकडे येते, कारण ती मशेरीपेक्षा वाईट शिक्षक आहे. वाईट म्हणजे फार चांगली शिकवणारी. मशेरीतलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू शिरतं. तंबाखूला चुना लावून मळतात तो उगाच नाही, चुन्याने तोंडात क्षार वाढतो आणि त्या अवस्थेत निकोटीन झपाट्याने आत जातं. हे मळणाऱ्या लोकांनी रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय शोधून काढलं. सिगारेटचा धूर मात्र थेट फुप्फुसात जातो, तिथून रक्तात, आणि झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत मेंदूत. कृती आणि फळ यांत जितकं अंतर कमी, तितकी गाठ पक्की बसते. एका सिगारेटचे साधारण दहा झुरके धर. पाच सिगारेटी म्हणजे पन्नास. वर्षाला अठरा हजारांच्या वर. तू "चार-पाचच" म्हणालास तेव्हा मी फोन कानाला धरून हाच हिशेब करत होते. बारावीला तू कुठलंही सूत्र अठरा हजार वेळा गिरवलं नव्हतंस.

आणि या गिरवण्यात नुसती सिगारेट गिरवली जात नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या डोपामिनच्या पेशींची हालचाल मोजली. फळाचा रस मिळाला की पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी एक खूण द्यायला सुरुवात केली, दिवा लागल्यासारखी. माकड शिकलं, आणि पेशी त्या खुणेलाच उसळू लागल्या. रस आला तेव्हा शांत. खूण झाली आणि रस आलाच नाही, तर त्या वेळी पेशी नेहमीच्याही खाली गेल्या. तुझ्या कॉलेजच्या मागची चहाची टपरी हा तुझा दिवा आहे. सबमिशन संपलं, मित्राने लायटर काढला, हातात कटिंग आला की दिवा लागला. आता नाही ओढली तर पेशी खाली जाणार. ती खाली जाण्याची जाणीव म्हणजेच तुझं "एक मारूया का?" तू घरी आलास की दोन-दोन दिवस लागत नाही म्हणालास, ते मला पूर्ण खरं वाटतं. आपल्या ओसरीवर तुझा दिवा नाही. पण त्यावरून सोडणं सोपं आहे असं धरू नकोस.

"टेन्शन कमी होतं," हेही तू म्हणालास. कमी होतं, मी नाकारत नाही. पण कुठलं? शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांत निकोटीन उतरू लागतं आणि बेचैनी, चिडचिड, मन न लागणं सुरू होतं. परीक्षेच्या आधीही माणसाला असंच होतं, त्यामुळे दोन्ही एकच वाटतात. ओढलीस की त्यातलं निकोटीनचं तेवढं उतरतं, परीक्षेचं तिथेच राहतं, आणि श्रेय मात्र सिगारेटला. ज्याने छपराला भोक पाडलं तोच पावसात बादली घेऊन धावत येतो आणि आपण त्याचे उपकार मानतो. ज्यांनी सिगारेट सोडली त्यांची चिंता आणि उदासी काही आठवड्यांनंतर, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झालेली आढळते. एकच अभ्यास नाही, अनेक अभ्यास एकत्र तपासून हे सांगितलेलं आहे.

एक गोष्ट वाचून मात्र माझा संताप झाला होता, ती सांगते. अमेरिकेतल्या एका बड्या सिगारेट कंपनीच्या वकिलाने १९६३ मध्येच आतल्या टिपणात लिहून ठेवलं होतं की आपला धंदा निकोटीन विकण्याचा आहे आणि ते व्यसन लावणारं द्रव्य आहे. त्यानंतर एकतीस वर्षांनी, १९९४ च्या एप्रिलमध्ये, सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे शपथ घेऊन एकामागून एक म्हणाले, निकोटीन व्यसन लावतं असं आम्हाला वाटत नाही. त्या एकतीस वर्षांत किती मुलांनी पहिला झुरका घेतला असेल, बाळा. त्या प्रत्येकाला वाटलं असेल की आपण मनात आणलं तर उद्या सोडू.

तू वीस वर्षांचा आहेस. कपाळामागचा मेंदूचा भाग, जो "थांब, उद्याचा विचार कर" असं सांगतो, तो पंचविशीच्या आसपास पक्का होतो. ओढ लावणारी वाट त्याच्या कितीतरी आधी तयार असते. म्हणूनच जगभर बहुतेक लोक तंबाखूला लागतात ते या वयात किंवा याच्या आधी. तुझा रूममेट महिन्यातून एखादी ओढतो आणि त्याला काही होत नाही, हेही तू सांगितलंस. असेल. निकोटीन मोडणारं यकृतातलं एन्झाइम कुणाचं जलद चालतं, कुणाचं सावकाश, ते जन्मतः ठरलेलं असतं. त्याचा मेंदू तुझा नाही. तुझ्यात आज्जीचं रक्त आहे आणि ते मी विसरू शकत नाही.

आपल्याकडे हे सिगारेटीपुरतं नाही, तेही लक्षात ठेव. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात चारच्या आसपास निघाले आणि तंबाखू तोंडात धरणारे किंवा दातांना लावणारे चोवीसच्या आसपास. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ई-सिगारेटला देशभर २०१९ पासून. कुणी तुला सिगारेटऐवजी व्हेप किंवा तोंडात ठेवायची पुडी देऊ केली, तर बेल तीच आहे.

आता सोडण्याचं. तू म्हणालास "उद्या सोडेन". उद्या सोडू नकोस. तारीख ठरव, परीक्षेच्या आठवड्यातली नको. शक्य असेल तर घरी येऊन पहिले तीन दिवस इथेच काढ. सगळ्यांत वाईट ते दोन-तीन दिवसच असतात, आज्जीचे होते तसे. नंतर दोन ते चार आठवडे कमी होत जातं. आणि ज्या वाढीव बेलांबद्दल मी लिहिलं, त्या कायमच्या नसतात. सोडलेल्या लोकांच्या मेंदूंचे स्कॅन काढून पाहिलेत, सहा ते बारा आठवड्यांत रिसेप्टरांची संख्या न ओढणाऱ्यांइतकी खाली येते. हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटीच होते आणि मला आज्जीची फार आठवण आली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

दिवे मात्र उशिरापर्यंत राहतात. दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी टपरीवरून जाताना अचानक तलफ उसळेल. ती आली म्हणजे तू हरलास असं नाही, जुना दिवा लागला इतकंच. ती काही मिनिटं टिकते. लाटेसारखी चढते आणि ओढली नाहीस तरी उतरते. प्रत्येक वेळी दिवा लागून रस आला नाही की मेंदू थोडं थोडं शिकतो की या दिव्यामागे आता काही नाही. पहिला महिना चहा दुसरीकडे पी. मित्रांना सोडायला मी सांगत नाही, जागा सोड.

माझ्या दुकानातलं औषध आहेच. निकोटीन च्युइंगम. तुला वाटेल, निकोटीन सोडायला निकोटीनच कसं? फरक वेगाचा आहे. च्युइंगममधलं हळू चढतं, दहा सेकंदांचा तो फटका त्यात नाही, त्यामुळे बेला शांत राहतात पण नवी गाठ तशी पक्की बसत नाही. शिवाय धुरात आणखी काही द्रव्यं असतात जी डोपामिनची विल्हेवाट लावणाऱ्या एन्झाइमला मंद करतात, तीही यात नाहीत. पण ते साध्या च्युइंगमसारखं चघळायचं नसतं, आणि इथेच लोक चुकतात. लोक कचाकचा चघळतात, लाळ गिळतात, पोटात मळमळतं आणि पट्टी आणून माझ्या काउंटरवर परत ठेवतात. हळू चावायचं, तिखटपणा जाणवला की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचं. अर्धा तास पुरतं. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नाही, कारण आंबटपणाने निकोटीन आत जायचं थांबतं. चुन्याच्या बरोबर उलट.

याने भागलं नाही तर व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी आहे. ती त्याच बेलवर बसते, पण हलकी दाबते, आणि बसून राहिल्यामुळे निकोटीनला जागा देत नाही. ती डॉक्टरांना विचारूनच, मी माझ्या मनाने देणार नाही. आणि मला फोन करावासा वाटला नाही तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, त्यावर समुपदेशक बोलतात. कुणाशी बोललास हे मी विचारणार नाही.

पुन्हा ओढली गेली तर? जाईल कदाचित. बहुतेकांची पहिल्या खेपेत सुटत नाही. तेव्हाही मला सांग, आत्ता सांगितलंस तसंच. त्या रात्री मिरजेला आज्जीचं रिकामं बोट बघितल्यापासून मी व्यसनी माणसावर कधी रागावू शकलेले नाही, तर तुझ्यावर काय रागावणार.

सध्या एकाच प्रश्नाचं उत्तर पाठव. सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने लागते? अर्ध्या तासाच्या आत, की नंतर? खरं ते सांग. च्युइंगम किती ताकदीचं द्यायचं ते यावरून ठरतं, आणि तुझ्या बेला कुठवर गेल्यात तेही मला यावरूनच कळेल. बुधवारपर्यंत कळवलंस तर गुरुवारच्या गाडीने पट्ट्या आणि शेंगदाण्याचे लाडू एकत्रच पाठवते.

तुझी,
आई

ता. क. बाबांना मी सांगितलेलं नाही, ते तूच सांग. तारीख ठरली की सांगितलंस तर बरं, म्हणजे त्या तीन दिवसांत तू कसाही बोललास तरी ते मनाला लावून घेणार नाहीत.